धड कानांचं पिल्लू

कोहिनूर गावच्या भागाबाईनं उभ्या आयुष्यात धड दोन कानांचं, खरोखर चांगलं कुत्रं पाहिलं नव्हतं. चांगलं कुत्रं म्हणजे उजव्या कानाचा शेंडा तुटलेलं कुत्रं. लहानपणापासून डोळ्यांना हे इतकं सवयीचं झालं होतं की चांगलेपण आणि तुटका शेंडा या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, असं तिच्या मनात कधी आलं नाही.

कुत्री म्हणजे कारवान जातीची, शिकारी. लांब तोंडाची, खोल छातीची, पोट पाठीला लागलेली. सुटली की ज्वारीच्या उभ्या पिकातून एकही ताट न मोडता जाणारी. भागाबाईच्या माहेरी, मुडबीच्या वस्तीत, ती पिढ्यान्‌पिढ्या होती. भाकरीचे तुकडे आणि आंबील खाऊन वाढायची, लेकरांच्या अंगाला अंग लावून झोपायची. पण तालुक्यात त्यांना ‘गढीची कुत्री’ म्हणत. कारण निजामाच्या काळात वस्तीत कुत्री व्याली की गढीवरून माणूस यायचा, पिल्लं उलटीसुलटी करून बघायचा आणि त्यातलं उत्तम असेल ते उचलून न्यायचा. विचारायची रीत नव्हती. नाही म्हणायची तर नव्हतीच.

मग वस्तीतल्या बायकांनी उपाय काढला. पिल्लांचे डोळे उघडायच्या आत त्यातलं सगळ्यात चांगलं ओळखायचं, विळ्याचं टोक चुलीत तापवायचं, त्या पिल्लाच्या उजव्या कानाचा शेंडा उतरवायचा आणि वर हळद दाबायची. गढीच्या माणसाला खोडीचं पिल्लू नको असायचं. तो दुसऱ्या नंबरचं घेऊन जायचा आणि गढीवर त्याची वाहवा व्हायची. वस्तीत त्यावर हसू व्हायचं, पण मोठ्यानं नाही.

चांगलं कसं ओळखायचं ते भागाबाईला आईनं शिकवलं होतं. पिल्लं आईपासून लांब, गार जमिनीवर ठेवायची. सगळी कळवळतात, एकमेकांत शिरतात. एखादं मात्र मध्येच गप्प होतं, मिटल्या डोळ्यांनी मान वर करतं आणि हवेत तोंड फिरवतं. तेच. लग्न होऊन ती कोहिनूरला आली तेव्हा आईनं तिच्याबरोबर तुटक्या कानाचं एक मादी पिल्लू दिलं. तिची लेक, लेकीची लेक असं करत आता दारात होती ती जवसी. जवसाच्या रंगाची, म्हणून जवसी.

गढी कधीच गेली. वस्तीनं जुना धर्म टाकला, विहाराला निळा रंग लागला, गढीवाल्यांची नातवंडं मास्तर झाली, कचेरीत लागली, तालुक्याच्या गावी कल्याणला, कलबुर्गीला घरं बांधून राहिली. पिल्लं उचलायला येणारं कुणी उरलं नाही. तरी दर वेताला भागाबाईचा विळा तापायचाच. कुणी भेव दाखवणारं नसलं तरी हात आपला शिकल्या वाटेनं जातो. जवसीचा कानही तिनंच कापला होता.

आणि लोकही शिकल्या वाटेनंच बोलत. बाजाराच्या दिवशी जवसी मागे आली की कुणीतरी म्हणायचंच, “गढीचं कुत्रं व्हय हे?”

“आमचं हाय,” भागाबाई म्हणायची.

“तुमचंच हो. पर हाय गढीचं.”

ती पुढे चालू लागायची. घरी आल्यावर कितीतरी वेळ ते तिच्या आत फिरत राहायचं. मुडबीच्या बायकांनी कळणाकोंडा खाऊन, पिल्लांना आपल्या ताटातलं घालून जे राखलं, त्याला नाव दुसऱ्याचं. कुणीतरी, कुठंतरी, एकदा खरं लिहून ठेवावं, एवढंच तिला वाटायचं. कुठं लिहावं, कुणी लिहावं, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

ते सांगणारा माणूस मागच्या हिवाळ्यात दारात आला. डॉक्टर नीलेश, जनावरांचे डॉक्टर. कुत्र्यांना पिसाळीची लस टोचायला वस्तीत आले होते. जवसीला पाहून सुई हातात तशीच राहिली.

“ही कुणाची?”

“माझीच की. माहेरची हाय.”

डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मांड्या दाबून पाहिल्या. मग उंबऱ्यावर बसून चहा घेता घेता सांगू लागले. आता शर्यतीवाले पंजाबातून ग्रेहाउंड नर आणतात आणि आपल्या माद्यांना लावतात. पिल्लं पळतात जोरात, पण ना इकडची राहतात ना तिकडची. असंच चाललं तर आणखी काही वर्षांनी अस्सल कारवान दाखवायलाही मिळणार नाही. श्वान क्लबाचे लोक कल्याणला शिबिर घेणार आहेत. गावोगावची कुत्री तपासून त्यातली चांगली नोंदणार. मानेच्या कातड्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवणार, कागद देणार.

भागाबाईचा नवरा तात्याराव बाजेवर सुतळी वळत बसला होता. “कागदानं काय हुतंय, डॉक्टर? कुत्रं जास्त भुकतंय का?”

“वंशाचा दाखला होतो, मामा. आई कोण, बाप कोण, कुणाच्या घरी जन्मलं, सगळं लिहिलं जातं.”

“कागद झाला की भाव आला. भाव आला की चोर आला. आज ही राच्च्याला दारात मोकळी झोपती. उद्या हिला घरात कोंडावं लागंल आन् मला दारात झोपावं लागंल.”

“तुमी झोपा की दारात,” सून मंगल आतून म्हणाली. “घोरणं तरी कमी हुईल घरात.”

डॉक्टर हसले. तात्यारावाचं म्हणणं त्यांनी उडवून लावलं नाही. “आणखी एक आहे,” ते म्हणाले. “क्लबाला सगळी एकाच घडणीची लागतात. उंची, रंग, कान, शेपूट. त्यात न बसणारी चांगली कुत्रीही बाहेर राहतात. आत आलेल्यांत मग आपसातच नर-माद्या लावल्या जातात आणि कधी कधी रोग शिरतात. मला हे कळतंय. पण नोंदच नसली तर सरकारदरबारी ही जात अस्तित्वातच नाही. नसलेल्याला कोण वाचवणार?”

भागाबाईच्या कानात त्यातलं एकच अडकलं होतं. “कुनाच्या घरी जलमलं ते बी लिवतेत?”

“पैदास करणाऱ्याचं नाव, गाव. दोन्ही.”

“मग येते मी,” ती म्हणाली.

शिबिर कल्याणच्या एका शाळेच्या मैदानात होतं. भागाबाई, तात्याराव आणि जवसी ओळखीच्या टेम्पोतून आले. मैदानभर लांबट तोंडांची गर्दी होती. कुणी कुत्र्याच्या गळ्यात कवड्या बांधल्या होत्या, कुणी त्याला चक्क मफलर गुंडाळला होता. चिंताकीहून आलेला एक जण आपल्या कुत्र्याशी तेलुगूत बोलत होता आणि शेजारचा त्याला म्हणत होता, “अण्णा, परीक्षक बेंगळूरचा हाय, कन्नडात समजाव त्याला.” टेबलावरच्या मुलानं भागाबाईला गाव विचारलं. कोहिनूर म्हटल्यावर तो हसला, “म्हणजे हिराच आणला म्हणायचा.” तात्याराव म्हणाला, “आमच्या कोहिनुरात हिरा सोडून समदं घावतंय.”

परीक्षक साठीचे, शांत, जरा वाकून चालणारे होते. त्यांनी जवसीचे दात पाहिले, उंची मोजली, छाती मोजली. दोरी धरून चालवायला लावलं. मग मैदानाच्या मोकळ्या कडेला सोडायला सांगितलं. जवसी सुटली. भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. त्यात धूळसुद्धा उडाली नाही. परीक्षक काही न लिहिता थोडा वेळ नुसते उभे राहिले. त्यांची पेन धरलेली बोटं हलत होती, पण कागदावर नाही.

भागाबाईनं ते पाहिलं. आणि आता उरलेली खातरजमाही व्हावी म्हणून तिनं जवसीचं तोंड धरून उजवीकडून त्यांच्यासमोर केलं. “ह्यो कान बगा की, सायब.”

परीक्षकांनी कान पाहिला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी डॉक्टर नीलेशना काहीतरी विचारलं. डॉक्टर भागाबाईकडे वळले, आवाज मुद्दाम सैल ठेवून म्हणाले, “भांडणात तुटला असेल ना हा? दुसऱ्या कुत्र्यानं तोडला असेल?”

हो म्हणायला तेवढी फट त्यांनी ठेवली होती. भागाबाईला ती दिसली नाही. दिसायचं कारणच नव्हतं. “तोडतंय कोन? मी कापलाय,” ती म्हणाली. “समद्यात चांगली हुती म्हनून कापला. चांगल्याचाच कापतो आमी.” आणि मग आईचं, मुडबीचं, गढीवरून येणाऱ्या माणसाचं सगळं तिनं तिथंच, रांगेतल्या लोकांसमोर सांगितलं.

डॉक्टर कन्नडात सांगत गेले आणि परीक्षकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं मराठीत सांगितलं. कुत्र्याचे कान कापणं ही क्रूरता, म्हणून मालकानं कान कापलेलं जनावर क्लब नोंदत नाही. नियम चांगल्यासाठीच केलेला आहे. लोक शोभेसाठी कुत्र्यांचे कान, शेपट्या छाटतात, त्यांना आळा बसावा म्हणून. “ते म्हणतात, आज पाहिलेल्यात हिच्या तोडीची दुसरी नाही. पण त्यांना लिहिता येत नाही.”

जवसीच्या गळ्यातली दोरी भागाबाईनं दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

त्या दिवशी तिच्या आधीच एक नर नोंदला गेला होता. त्याचं नाव हौशा. मालक गिरिधर सर, शाळेतून निवृत्त झालेले, राहायला कल्याणला, मूळचे मुडबीच्या गढीचे. कागदासाठी थांबले असताना त्यांनी सगळं ऐकलं होतं. हौशाला बायकोकडे, वृंदाबाईंकडे देऊन ते भागाबाईपाशी आले.

“जयभीम, भागाबाई.”

“जयभीम, सर.”

सर जरा घुटमळले. “म्हणजे आमच्याकडे जी कुत्री होती, आजोबा ज्यांचं एवढं कौतुक करायचे...”

“दुसऱ्या नंबरची हुती, सर.”

“एखांदं वरीस तिसऱ्या नंबरचं बी गेलं आसंल,” तात्याराव म्हणाला. “समद्या वर्साचं काय सांगावं.”

सर हसले. हसताना त्यांनी मान खाली घातली होती. मग त्यांनीच डॉक्टरांना विचारून वाट काढली. जवसीची नोंद होणार नव्हती. पण तिची पिल्लं नोंदलेल्या नरापासून झाली आणि त्यांचे कान धड राहिले, तर मोठी झाल्यावर क्लब ती तपासणार होता. पास झाली तर कागदावर घराचं नाव येणार होतं. “हौशा आहे,” सर म्हणाले. “तुमची हरकत नसेल तर.”

पहिल्या नंबरची मादी आणि दुसऱ्या नंबरच्या वंशातला नर. भागाबाईनं हौशाकडे पाहिलं. वाईट नव्हता.

या भागात रीत अशी की नराच्या मालकाला वेतातलं एक पिल्लू द्यायचं आणि पहिली निवड त्याची. ती रीत सगळ्यांना ठाऊक असल्यानं तिच्याबद्दल कुणी बोललं नाही.

जवसी शेळ्यांच्या गोठ्यात व्याली. भागाबाईनं पिल्लं सारवलेल्या भुईवर ठेवली. सगळी कळवळली, एकमेकांत शिरली. एक, आईच्याच रंगाचं, मध्येच गप्प झालं, मान वर केली आणि हवेत तोंड फिरवलं. मंगलनंही ते पाहिलं.

“आत्या, इळा ठिवू चुलीत?”

“नगं.”

“मग सर येतेल आन् हेच उचलतेल.”

“तोडला तर कागद हुत न्हाई.”

“आन् न्हाई तोडला तर पिल्लू ऱ्हात न्हाई,” बाजेवरून तात्याराव म्हणाला. “शेवटी गढीलाच गेलं म्हना की. पयले ते उचलत हुते, आता आपनच गाडीत घालून द्यायचं.”

भागाबाईचा उजवा हात दिवसभर कशाला ना कशाला लागत राहिला. विळा तिनं शेवटी गवताला निघालेल्या शेजारणीला देऊन टाकला.

पिल्लू वाढलं. त्याचे कान वाढले. भागाबाई ते बघत बसायची. एवढ्या जवळून, असा पुरा कान तिनं चांगल्या कुत्र्याचा पाहिलाच नव्हता. तो आधी घडी घातलेल्या चिंधीसारखा पडून होता, मग हळूहळू बुडातून उचलला गेला, शेंड्याशी मऊ मोडला. वारा आला की शेंडा आधी हलायचा, मग बाकीचा कान. उन्हात धरला की आतल्या शिरा दिसायच्या, सगळ्या त्या शेंड्याकडे निघालेल्या. इतकी वर्षं आपण काय कापत आलो, ते तिला आता दिसत होतं. आईलाही हे कधी दिसलं नसणार, तिच्या आईलाही नाही. ते दाखवायला आता कुणी नव्हतं. पिल्लाला मांडीवर घेऊन तो शेंडा बोटात धरायची आणि तिला वाटायचं, हे इथंच असावं. याच दारात मोठं व्हावं, म्हातारं व्हावं. आपण गेल्यावरही इथं असावं.

दूध तुटल्यावर गिरिधर सर आणि वृंदाबाई गाडी घेऊन आले. मंगलनं शहाणपणा केला होता. पांढऱ्या पायाचं दुसरं पिल्लू तिनं धुऊन पुसून पुढे ठेवलं होतं, आणि ते होतंही देखणं. जवसाच्या रंगाचं मागे शेळीच्या पायात लोळत होतं, अंगभर लेंड्या.

चहा झाला. सर पिल्लांकडे गेले नाहीत. “मी उचलणार नाही, भागाबाई,” ते म्हणाले. “आमच्या घरानं पुष्कळ उचललंय. तुम्ही द्याल ते.”

हे कुणाला अपेक्षित नव्हतं. मंगलनं सासूकडे पाहिलं. तिच्या नजरेत सरळ लिहिलेलं होतं : सुटलो. पांढऱ्या पायाचं द्या. तेही कागदाला बसेल, कागदावर नाव तुमचंच येईल, आणि खरं ते घरात राहील. कुणाला कळणार नाही. कधीच कुणाला कळलं नव्हतं.

भागाबाई बसून राहिली. पांढऱ्या पायाचं बेंगळूरला जाईल, हैदराबादला जाईल, लोक बघतील, वाहवा करतील. खाली लिहिलेलं असेल भागाबाई, कोहिनूर. आणि वर उभं असेल दुसऱ्या नंबरचं. जगानं आजवर दुसऱ्या नंबरचंच पाहिलं होतं आणि त्यालाच मुडबीचं कुत्रं समजून नाव गढीचं दिलं होतं. आता नाव आपलं लागायचं, तर त्याखाली पुन्हा तेच द्यायचं का? पहिल्या नंबरचं पाहून लोक काय म्हणतात, ते एकदा ऐकायची तिला भूक लागली होती. आणि पहिल्या नंबरचं समोर, शेळीच्या पायात, आपलीच शेपूट धरायला बघत होतं.

ती उठली. शेळीला बाजूला सारलं. पिल्लाच्या अंगावरच्या लेंड्या पदरानं झाडल्या आणि ते वृंदाबाईंच्या हातात दिलं.

मंगल आत निघून गेली. भांड्यांचा आवाज झाला.

“नाव काय ठेवलंय हिचं?” वृंदाबाईंनी विचारलं.

“ठिवलं न्हाई. नाव ठिवलं की जाऊ द्यावंसं वाटत न्हाई.”

“मग आता ठेवा.”

“तुमच्या दारात ऱ्हानार, तुमीच ठिवा.” भागाबाई थांबली. “फकस्त कुनी इचारलं तर गढीचं म्हनू नका.”

“नाही म्हणणार,” गिरिधर सर म्हणाले. “मुडबीच्या वस्तीचं म्हणेन.”

गाडी गेली. जवसी तिच्यामागे वेशीपर्यंत धावली. तिला गाडी सहज गाठता आली असती. पण ती थांबली, आणि अंधार पडेपर्यंत परतली नाही. तात्याराव तिला आणायला गेला. दिवसभरात त्यानं एकही टोमणा मारला नव्हता.

पुढच्या वर्षी सरांनी मंगलच्या फोनवर कागदाचा फोटो पाठवला. कागद इंग्रजीत होता. मंगलनं अक्षरं लावत वाचला. जात कारवान. मादी. नाव जुई. बापाचं नाव होतं, आईच्या नावाची जागा रिकामी होती, तिथं नुसती रेघ होती. आणि खाली पैदास करणाऱ्याच्या पुढे, भागाबाई तात्याराव कांबळे, कोहिनूर.

“जवसीचं न्हाई का?” भागाबाईनं विचारलं.

“तिची नोंदच न्हाई की, आत्या. तुमचं हाय बगा.”

“परत वाच.”

मंगलनं परत वाचलं. तात्यारावानंही फोन हातात घेऊन पाहिलं, वाचता येत नसताना. “कांबळे बरोबर लिवलंय का?” त्यानं विचारलं.

कागदाखाली फोटोही होता. हैदराबादच्या कुठल्याशा मोठ्या मांडवात जुई उभी होती, मान ताठ, दोन्ही कान पुरे. आजूबाजूला माणसं वाकून बघत होती. भागाबाईनं फोन डोळ्यांजवळ धरला. कान पाहिले, छाती पाहिली, पाय पाहिले. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली, “उभीच हाय ही. पळती कशी?”

“फोटोत कसं कळंल?” मंगल म्हणाली. “सरांना सांगते व्हिडिओ पाठवा म्हनून.”

संध्याकाळी व्हिडिओ आला. हिरवी सतरंजी अंथरलेली. कोट घातलेला एक मुलगा आखूड दोरी धरून जुईला गोल फिरवत होता. ती त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून, मान वर ठेवून, दुडक्या चालीनं चालली होती. एकदा वळणावर तिचा मागचा पाय क्षणभर जमिनीत रुतल्यासारखा झाला. सुटायच्या आधी जवसीचा होतो तसा. भागाबाई पुढे वाकली. पण मुलानं दोरी जरा आवळली आणि जुई पुन्हा चालू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ संपला.

“सोडलंच न्हाई तिला,” भागाबाई म्हणाली.

“जागाच तेवढी हाय, आत्या. तिथं सोडत नसतेत.”

“टाळ्या कशाच्या मग?”

मंगल म्हणाली, “चांगली हाय म्हनून.”

भागाबाईनं बाहेर पाहिलं. दारात जवसी पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडली होती आणि पलीकडे तुरीची कापणी झालेली रानं मोकळी पडली होती, क्षितिजापर्यंत.

“परत लाव,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “शेवटपत्तोर लाव. एखांद्या वेळी शेवटी सोडला आसंल दोर.”